कुसुमताईसोबत दरीत उतरले होते

आमच्या घरात माझ्याशी बोलणारं शेवटचं माणूस गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेलं.

कुसुमताई. माझी नणंद.

वयानं माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणायची. लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होती. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा तिची नोकरी गोंदियाकडे राहिली. रिटायर झाल्यावरच ती करडीला, आमच्या गावी, परत आली.

ती आली आणि थोड्याच दिवसांत हे गेले. माझे मिस्टर, तिचा एकुलता दादा.

तेव्हा सगळं ताईनंच पाहिलं. दवाखाना, नातेवाइकांना फोन, विहारातली वंदना, आलेल्यांचा चहा. डोळ्यात टिपूस नाही.

बाया कुजबुजल्या, "नर्स हाये ना. तिले सवय हाये."

मी मात्र बाहेर पडणंच सोडलं. मुलगा पुण्याला. कित्येक महिने मी अंगणाच्या फाटकापर्यंतही गेले नाही.

एक दिवस ताई कुठल्याशा शाळेची जुनी व्हॅनच घेऊन आली. मागच्या सीटा काढल्या, फळ्यांचा पलंग ठोकून घेतला. छोटी शेगडी, पाण्याच्या कॅन, मच्छरदाणी.

"ताई, हे कायले?"

"फिराले. सातपुड्याच्या नॅशनल पार्कात दऱ्या हायेत, पायी उतरता येते. तुझी थैली भर."

"लोक काय म्हणतीन?"

"आयकाले आपण अठी राहू तवा ना!"

गाडी तीच चालवायची. तुमसर, कटंगी, सिवनी, छिंदवाडा. वाटेत एका ढाब्यामागे मुक्काम केला. सकाळी व्हॅनच्या पायरीवर बसून चहा पिताना मला किती तरी दिवसांनी भूक लागली.

व्हॅन पार्कच्या गेटवर ठेवली. आत पायी, गाइडसोबत. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

दोन्हीकडे उभे कडे, वर आभाळाची अरुंद पट्टी. खाली गुळगुळीत गोटे आणि कमरेएवढं गार पाणी.

मी थांबलेच.

"मी नाही येत, ताई. मले भेव लागते."

"मलेबी लागते. हात दे."

पाणी पार करून ताई एका खडकावर बसली. गाइडला विचारलं, "भैया, यहाँ तक कोई आता है क्या?"

"नहीं दीदी. कोई नहीं आता."

आणि ताई रडायला लागली.

हळू नाही. गळा काढून. "दादा, दादा" करत.

गाइड पुढच्या वळणापलीकडे जाऊन उभा राहिला.

मी तिला धरलं. तोपर्यंत मला वाटत होतं, हे फक्त माझेच गेले.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड धुतलं.

"वहिनी, गावात मले रडताच नाही आलं. मी रडली असती तर तुले कोणं सांभाळलं असतं?"

मी पदरानं तिचं तोंड पुसलं.

तिथून आल्यावर मी हळूहळू बाजारात जाऊ लागले, विहारात जाऊ लागले. पुढची वर्षं आम्ही दोघींनी बरी काढली. टीव्हीच्या रिमोटवरून भांडलोसुद्धा.

गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

मुलगा म्हणतो, "आई, इकडे ये." जाईन कधीतरी.

अजून काही सांगायचं असलं की मी आधी तिच्या खोलीकडे वळते. मग आठवतं. घर इतकं शांत असतं की फ्रीज सुरू झाला तरी दचकायला होतं.

आज सकाळी विहारात तिच्यासाठी मेणबत्ती लावली. वंदना झाली. शेजारची म्हणाली, "बरी हायेस ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. कुणासाठी आवरून धरावं, असं आता घरात कोणी नाही.

बायांनी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मग एकेक जण आपापल्या घरी गेली.

मीही आले. कुलूप उघडलं.

आतून कोणी "आली का?" म्हणालं नाही.

ताई, तुले माझा जय भीम.

तुझी वहिनी