पाच पायांची मगर

आमच्या शाळेत तिसरीच्या पोरांना मगरीला पाय किती विचारलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "पाच!" एकदा तपासनीस चक्रावलाच. मास्तरांनी नुसतं वर्गाच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

ती भिंत अयिनपोकाची. आमच्याकडे भिंती लिंपणं बायकांचं काम. सुगी आटोपली की अयिनपोका माती-शेण कालवायची, दावादावाच्या झाडाच्या शेंगा उकळून ते पाणी वरून फिरवायची. भिंत कशी चकाकायची! भिंतीवरची मगर मात्र तिची नव्हे. तिची लेक तेनी तिसरीत होती, तिने ती काढली आणि शेपटीजवळ एक पाय जास्तीचा दिला.

"अगं पोरी, चार पुरेत की!" मी म्हणालो.

"हिला लांब जायचंय, आजोबा."

त्याच उन्हाळ्यात मेंदूज्वराची साथ आली. तेनी गेली.

पुढे बावीस वर्षं अयिनपोका दर सुगीनंतर भिंत लिंपायची आणि मगर पुन्हा काढायची, पाचही पायांसकट. मी चिडवायचो, "सहावा कधी देतेस?"

"काका, तुझं तोंड बंद होईल त्या दिवशी!"

मग परदेशातल्या एका शाळेने आमच्या शाळेशी जोडी जमवली. जुनी पाडून नवी बांधायचं ठरलं. तिथल्या हेडविगबाई आल्या. दुभाष्या मी. भिंतीपाशी थांबून बाईंनी अगदी मनापासून विचारलं, "तुमच्यासाठी एवढी भिंत राखू का?"

"नको, कशाला?" अयिनपोका म्हणाली.

आमच्यात पहिल्या 'नको'ला अर्थ नसतो. दुसऱ्यालाही नसतो. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलतं. त्याआधी हो म्हणेल तो हावरट. बाईंना हे कुठून ठाऊक असणार? सांगायचं काम माझं. पण मला नेमका तपासनिसाचा किस्सा आठवला. तो मी असा रंगवला की बाई पोट धरून हसल्या, भिंतीचा फोटो काढला आणि हसत हसत पुढच्या वर्गाकडे वळल्या. मीही वळलो. मागे पाहिलं तर अयिनपोका तिथेच उभी, कुणी पुन्हा विचारेल म्हणून.

परतताना सांगू म्हटलं. परतलो दुसऱ्याच वाटेने. सुट्टीत मी लेकीच्या गावी गेलो आणि इकडे भिंत पडली.

नवी शाळा झकास झालीय, खोटं कशाला बोलू? पावसात पोरांच्या वह्या भिजत नाहीत. पण सिमेंटवर लिंपण धरत नाही. अयिनपोकाने एकदा करून पाहिलं. दुपारपर्यंत पोपडे खाली.

पुढल्या वर्षी तिकडच्या पोरांनी फोटोवरून काढलेलं चित्र आलं. हिरवीगार, देखणी मगर. पाय चार.

मी ते अयिनपोकाकडे नेलं. "घे, घरात लाव."

"नको."

पुन्हा विचारलं. "नको, काका."

मग मी तिच्या ओट्यावर बसलो. एकही किस्सा न सांगता बराच वेळ बसलो, आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"नको," ती म्हणाली.