धारणी उघडत नाही

टायपिंगवाल्या काकू पासवर्ड टाकताना कीबोर्डकडे बघत नसत. पडद्याकडेही नाही. समोर जो कोणी उभा असेल त्याच्या थेट डोळ्यांत बघत, आणि खाली बोटं टकटक चाललेली असत. त्यामुळे समोरच्याला त्यांच्या बोटांकडे बघायची सोयच राहत नसे. कोणाची नजर चुकून खाली गेलीच तर काकू हात थांबवून म्हणत, "काय पाहून राहिला बे? इथी सिनेमा लागला काय?" कार्यकर्ता कितीही मोठा असो, मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागे. आमच्या संघटनेत एवढी शिस्त मी दुसऱ्या कोणत्याही कामात पाहिली नाही. हे मी बैठकीतही बोललो आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

काकूंची अमरावतीत टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आधी मशीनं, मग कॉम्प्युटर. पोरं मोठमोठ्या पाट्यांच्या क्लासकडे वळली तेव्हा त्यांनी इन्स्टिट्यूटला कुलूप लावलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात येऊन विचारलं, "तुमच्या पत्रकात ऱ्हस्व-दीर्घ कोन पाह्यते?" कोणीच पाहत नव्हतं. तेव्हापासून आमची पत्रकं, निवेदनं, माहिती अधिकाराचे अर्ज, सगळं काकूंच्या हाताखालून जाऊ लागलं. माझं पहिलं पत्रक त्यांनी टाइप केलं आणि म्हणाल्या, "पोट्ट्या, प्रत्येक वाक्याले उद्गारचिन्ह देशीन तं लोकायले वाटन भांडन सुरू हाय." मी म्हटलं, भांडणच आहे. "मंग दम घेऊन भांड," म्हणाल्या.

काकू एकट्या राहत. काका जाऊन फार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ अकोल्यात. माणूस चांगला, परिस्थितीही चांगली. दर दिवाळीला तो म्हणायचा, ताई, आता इकडंच या. काकूंचं उत्तर ठरलेलं: "अकोल्याले मी लग्नाकार्याले येतो, राहाले नाई. तथी मी आत्या आन इथी काकू. आत्याले चहा भेटते, काकूले काम भेटते." भाऊ म्हणायचा, बरं, काम होईल तोवर राहा. म्हणजे कार्यालयातली ती खुर्ची होती तोवर अमरावती होती. खुर्ची गेली की अकोला. हे त्यांना माहीत होतं, भावाला माहीत होतं, आणि पुढे मलाही कळलं.

कार्यालयात तीन कॉम्प्युटर होते, वायरीनं एकमेकांना जोडलेले. आम्ही त्यांना आमच्या कामाच्या गावांची नावं दिली होती: धारणी, सेमाडोह आणि हिवरखेड. सगळे अर्ज, फोटो आणि पत्रकं धारणीवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये असत. बाकीच्या दोघांवरून तिथे जायचं तर नाव आणि पासवर्ड द्यावा लागे. काकूंच्या टेबलावर हिवरखेड होता, कारण ते त्यांचं माहेर. वायर सैल झाली की आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडायचं, "काकू, धारणी उघडत नाही!" काकू जागेवरूनच सांगत, "घाटात जीप फसली असन. उतर आन धक्का मार." मेळघाटच्या रस्त्यांसाठी खरोखर भांडणारी माणसं आम्ही, त्यामुळे हसूही यायचं आणि डोकंही फिरायचं.

काकूंचा पासवर्ड म्हणजे एखादा मराठी शब्द असे, पण काकू तो जुन्या मराठी टाइपरायटरच्या कळांप्रमाणे इंग्रजी कीबोर्डवर वाजवत. आत जात असे इंग्रजी अक्षरांची भेळ. ती त्यांनाही वाचून दाखवता आली नसती. एकदा ताप आला म्हणून त्या घरी होत्या आणि मी फोनवर पासवर्ड मागितला, तर म्हणाल्या, "मले नाई माईत. बोटायले माईत हाय. बोटं माह्यासंग घरी हायत." मग ऑटो करून आल्या, पासवर्ड टाकला आणि त्याच ऑटोनं परत गेल्या. मी चिडलो होतो. त्या मात्र तापातही खूश दिसत होत्या.

पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसानं त्यांच्यावर एक उपकार केला. पासवर्डच्या चौकटीखाली एक बारीक रिकामा चौकोन असतो, 'लक्षात ठेवा' म्हणणारा. त्यानं त्यात खूण केली. आता हिवरखेड चालू केला की धारणी आपोआप उघडू लागलं. काकूंना ते आवडलं. "चांगलं झालं बापा, बोटायले सुट्टी." सुट्टी लांबली. दोन पावसाळे काकूंनी पासवर्ड टाकलाच नाही. मी आजवर अनेक खात्यांविरुद्ध लिहिलं आहे, पण त्या चौकोनाचा आला तेवढा राग मला क्वचित कोणाचा आला असेल. मशीननं लक्षात ठेवलं, आणि बोटांवरचं ओझं उतरता उतरता त्यांचं काय काय उतरलं, ते कोणी पाहिलंच नाही.

मग ते पत्रक फुटलं. सेमाडोहला एसटीची गाडी सुरू व्हावी म्हणून आम्ही काढलेलं पत्रक वाटायच्या आधीच एसटीच्या साहेबांच्या टेबलावर पोचलं. आमचे सचिव, निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांनी नियम केला: सगळे पासवर्ड बदला, आणि यापुढे कोणीही मशीनमध्ये पासवर्ड साठवून ठेवायचा नाही. काकूंनी धारणीवर स्वतः बसून नवा पासवर्ड ठरवला. हिवरखेडवर परत आल्या, तर फोल्डर उघडेना. कारण साधं होतं. हिवरखेडनं जुना पासवर्ड धरून ठेवला होता आणि धारणीला तोच पुन्हा पुन्हा सांगत होता. मी कंट्रोल पॅनेलमधून साठवलेल्या पासवर्डांची यादी काढून दाखवली. धारणीच्या नावापुढे नुसते काळे ठिपके. "हे काय, रांगोळी हाय का?" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, जुना पासवर्ड आहे. आधी हा काढायचा, मग नवा टाकायचा. त्यांनी माझ्यासमोर तो काढून दाखवला. सावकाश, व्यवस्थित.

दुपारी त्यांनी मला हाक मारली. "पोट्ट्या, धारणी कावून नाई उघडत?" मी म्हटलं, सकाळीच तर दाखवलं, नवा पासवर्ड टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतो आहे. "तू मले कधी सांगतलं?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि नवा शब्द माझ्या कानात सांगितला. "तुह्यापाशी ठेव. माह्यापाशी राहून नाई राहिला." तो शब्द मी इथे लिहिणार नाही. मी तो त्यांना हळूच ऐकवत राहिलो, त्यांच्या बोटांनी तो हिवरखेडमध्ये टाकला, आणि मी त्या चौकोनात खूण केली. नियम मोडला, ठरवून मोडला. एका माणसाच्या खुर्चीपेक्षा मोठा नियम मला माहीत नाही.

ते काही महिने टिकलं. काकू टाइप करत होत्या, अजूनही माझ्यापेक्षा चौपट वेगानं. समोर मजकूर असला की बोटं धावत. मजकूर नसला की थांबत. कधी एकच निवेदन दोनदा टाइप होई. मी एक प्रत गुपचूप काढून टाकी. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण एकदा न विचारता म्हणाल्या, "अकोल्याले सांगू नको."

एका बैठकीच्या दिवशी सर मशीनं तपासत फिरत होते. हिवरखेडमध्ये त्यांना ते ठिपके सापडले. सरांनी ती नोंद सगळ्यांदेखत काढून टाकली आणि नेहमीच्या शिकवण्याच्या सुरात म्हणाले, "काकू, नियम सगळ्यांना सारखा. आता टाका बरं."

काकू ताठ बसल्या. मनगटं उचललेली, बोटं मधल्या ओळीवर, पोरांना शिकवायच्या तशी. समोर आम्ही सगळे. बोटं हललीच नाहीत. मग त्यांनी काहीतरी टाकलं. चूक. पुन्हा टाकलं. चूक. मी पुढे झालो, तर त्यांनी हातानं मला मागे सारलं. कोणीतरी विचारलं, कुठे लिहून ठेवलाय का. "पासवर्ड लिहाचा नसते. सांगाचाई नसते," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा टाकला. शेवटी धारणीनं त्यांचं खातंच बंद केलं. काकूंनी कीबोर्डवर त्याचं धुतलेलं फडकं घातलं, चारही कोपरे नीट ओढले आणि म्हणाल्या, "धारणी आज उघडत नाई."

फोल्डरचं काहीच बिघडलं नव्हतं. धारणीसमोर बसून पासवर्ड बदलणं हे पाच मिनिटांचं काम. काकूंची खुर्ची मात्र तेवढ्यात गेली.

मी सरांवर तुटून पडलो. व्हरांड्यात उभा राहून नियमशाही, माणुसकी, वृद्धांचा अपमान, जे सुचलं ते सगळं ओरडलो. सर ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं रे. मला वाटायचं, ती मुद्दाम करते." आणि चष्मा पुसत बसले. सर वाईट नाहीत. भाऊ तर देवमाणूस. फोन केला त्याच दिवशी गाडी घेऊन आला आणि काकूंना अकोल्याला घेऊन गेला. कॉम्प्युटरवाल्यानं उपकारच केला होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि यानं बरं होणार नाही हेही सांगितलं. मी घरी येऊन कागद घेतला. वरच्या ओळीत निषेध लिहिला, आणि त्याच्यापुढे कोणाचं नाव घालावं ते मला आजवर सापडलेलं नाही.

अकोल्याला मी गेलो तेव्हा काकू ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मला लांबून ओळखलं. "किती वाळला रे! मोर्च्यात जेवन देत नाईत काय?" सेमाडोहच्या गाडीचं विचारलं. नव्या पत्रकातली वेलांटी चुकल्याचं दाखवलं, आणि ती खरंच चुकली होती. तासभर त्या अगदी आमच्या काकू होत्या. मला वाटलं, आम्ही सगळेच मूर्ख आहोत. मी भावाला बाजूला घेऊन तसं म्हटलंही. तो वाद घालेना. "बसा थोडं," एवढंच म्हणाला.

ऊन उतरल्यावर मी निघालो. काकूही उठल्या. "थांब पोट्ट्या, पर्स आन्तो. संगच जाऊ. उद्या ऑफिस हाय ना." आत जाऊन आल्या त्या केस विंचरून, बरी साडी नेसून, पायात चप्पल घालूनच. फाटकाशी भाऊ उभा होता. "ताई, आज बस नाई," तो म्हणाला. त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "खरं काय रे?"

"हो काकू," मी म्हणालो. "संप आहे."

संप म्हटल्यावर काकूंचा चेहराच बदलला. पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि फाटकापासून एक पाऊल मागे सरकल्या. "असं काय. मंग नाई जात. संपाच्या दिवशी गाडी शोधाची नसते." मग थोडं पुढे वाकून, मन लावून त्यांनी विचारलं, "मागनी काय हाय त्यायची?"

अर्ध्या झोपेत दहा मागण्या लिहून देणारा माणूस मी. फाटकाची कडी हातात धरून उभा होतो, आणि मला एकही सुचेना.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "मागनी काय हाय?"