घडी न घालता कापलेलं कापड

देवबागहून निघाले तेव्हा माझा डावा हात लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला होता आणि उजव्या हाताला सहा वर्षांची तुमची आई होती. आदल्या सकाळी तुमच्या आजोबांनी वल्ह्याने माझ्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते समुद्रात बुडाले, असं तुम्हाला सांगितलं गेलं. ते खोटं आहे. आता तुम्ही मोठे झालात, म्हणून लिहिते.

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी बांद्याला आत्याकडे पोचले आणि तिच्याकडेच शिवण शिकले. पहिला ब्लाउज स्वतःचाच. रीतीप्रमाणे कापडाला घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापल्या. डाव्या खांद्यावर तो लोंबत राहिला. आत्या म्हणाली, "आंग दोनूय बाजूक सारख्यां नसता गो. घडी घालून कापू नको."

तेव्हापासून प्रत्येक बाजूचं माप मी वेगळं घेते. पोक आलेल्या, एक स्तन काढलेल्या, बाळंतपणात पसरलेल्या, सगळ्यांना माझे ब्लाउज बसतात. मापांची वही वर्षवार ठेवलेली आहे.

या मे महिन्यात माझी जुनी गिऱ्हाईक वैशाली भावाच्या लग्नासाठी दुकानात ब्लाउज शिवायला टाकायला आली. तिचा उजवा खांदा गेल्या वर्षीच्या मापापेक्षा पाऊण इंच खाली होता. विहिरीवर घसरले, म्हणाली. मी पदर बाजूला करून माझं वेडंवाकडं जुळलेलं हाड दाखवलं.

"कोणी मारल्यान?"

"घोवान."

तिने स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "माका पण."

ब्लाउज घालून बघायला आली त्या दिवशी तिचा नवरा मागोमाग आला. "माझ्या बायलेक नको ता शिकयतंस, म्हातारे?" म्हणत त्याने मशीन लाथेने पाडलं, तिचे केस धरले आणि तिचं तोंड कापायच्या टेबलावर आपटलं. ओठ फुटला. दुसऱ्यांदा आपटणार तोच मी तापलेली इस्त्री त्याच्या हातावर ठेवली. ठेवली, असंच लिहिते. त्याने केस सोडेपर्यंत उचलली नाही. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

त्याने माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली आहे, वैशालीने त्याच्याविरुद्ध. ती आता माझ्या मागच्या खोलीत राहते. दोनदा तो दारावर दगड मारून गेला.

तुम्ही सगळे म्हणता, दुकान बंद कर आणि आमच्याकडे ये. मी येणार नाही. तिकडे तुमचं घर मोठं आहे, ठाऊक आहे. माझ्या लेखी घर म्हणजे आता एवढंच: दार आतून लावता येणं, आणि बाहेर कोण आहे ते बघून उघडायचं की नाही, हे आपण ठरवणं. सध्या ते आम्ही दोघी ठरवतो.