जमिनीखाली झोपणारी वेल

कॅनडातल्या मिल्टनच्या जुन्या भागात अर्मेनियन लोकांचं एक बुटकं, विटांचं चर्च आहे आणि त्याच्या दक्षिणेच्या भिंतीला एक द्राक्षाची वेल आहे. ती वेल वर्षातले पाच महिने जमिनीखाली झोपते. नोव्हेंबर आला की तिला मांडवावरून सोडवायची, हळूच आडवी करायची, पोत्यांनी झाकायची आणि वर हातभर माती ओढायची. एप्रिलात उठवायची. त्र्याऐंशी वर्षांच्या सिरानुशबाई हे काम आपल्या बापाच्या हाताखाली शिकल्या. त्या म्हणतात, पोरं झोपवण्यापेक्षा वेल झोपवणं सोपं. ती मधेच पाणी मागायला उठत नाही.

बाप होवसेप. अनाथ पोर म्हणून बोटीने इकडे आला, मोठा झाल्यावर लोखंड ओतायच्या कारखान्यात लागला. तो आणि त्याच्यासारखेच दहा-बारा जण शिफ्ट सुटली की फावडी घेऊन चर्च खणायला यायचे. बेसमेंट झालं आणि सगळे दमले. मग बेसमेंटवरच छप्पर टाकलं नि प्रार्थना सुरू केली. सहा वर्षं चर्च म्हणजे नुसतं बेसमेंट, वर काही नाहीच! रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, ही मंडळी रविवारी नटूनथटून भुयारात कुठे जातात?

आठ वर्षांच्या सिरानुशला मात्र वाटायचं, देव जमिनीखालीच राहतो, कांद्याबटाट्यांच्या शेजारी. थंडी सरली की येईल वर. आणि आला की! भिंती चढल्या, घुमट झाला, तिचं लग्नही वरच्या मजल्यावर लागलं. पुढे तिने चाळीस वर्षं कारखान्यात कोट शिवले. एक मुलगा व्हँकुव्हरला गेला, एक कॅल्गरीला. पण चर्च म्हटलं की बाईंच्या नाकात अजून तो खालचाच वास येतो: मेण, ओली माती आणि बापाच्या कोटाचं लोखंड.

या लोकांत ऑगस्टमधल्या एका रविवारी द्राक्षांना आशीर्वाद देतात. तोवर त्या वर्षीचं द्राक्ष तोंडात घालायचं नाही. बाईंनी उभ्या जन्मात घातलं नव्हतं. यंदा चर्चला पंचाहत्तर वर्षं होत होती, आणि त्यांची एकच इच्छा होती: त्या दिवशी ताटात बापाने लावलेल्या वेलीचे घड असावेत. पुढच्या वर्षी आपण कुठे असू, कुणाला ठाऊक.

पण खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर. म्हणून मदतीला शेजारची प्रमोदिनी आली. ती नाशिककडची, पिंपळगावची. माहेरी द्राक्षाचे मळे, त्यामुळे कात्री म्हणजे तिचं जणू सहावं बोट. दोघींचं इंग्रजी मोडकं. पण दोन मोडकी जोडली की एक धड व्हायचं.

एप्रिलातल्या एका उन्हाच्या सकाळी दोघींनी माती ओढली, पोती काढली. वेल ओली, काळी, डोळे मिटलेली. बाई खुर्चीवर बसल्या, ऊन पाठीवर आलं आणि त्यांना डुलकी लागली. स्वप्नात बाप मांडवाला वेल बांधत होता, शीळ घालत. कटकट आवाज येत होता. बाईंना वाटलं, त्याचे बूट वाजताहेत.

डोळे उघडले तर मांडवाखाली काड्यांचा ढीग, आणि वेलीला नुसते खुंट.

"प्रमो जान, हे काय केलंस?"

"छाटली!" प्रमोदिनी कपाळ पुसत, खूश होऊन म्हणाली. "एप्रिल आहे ना. एप्रिलात आम्ही सगळी खरडून काढतो. मग ऑक्टोबरात परत छाटायची, की फेब्रुवारीत घडच घड."

"फेब्रुवारीत," बाई हळूच म्हणाल्या, "आमची वेल मातीखाली असते, जान. घड येतात ते या जुन्या काड्यांच्याच फुटीवर."

प्रमोदिनीने ढिगाकडे पाहिलं. मग कात्रीकडे. मग कात्री खाली ठेवून तिथेच मातीत बसली.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रमोदिनीला वाटलं. त्या फक्त काड्यांवरून हात फिरवत राहिल्या, झोपलेल्या कुणाचे केस कुरवाळावेत तसा.

जूनमध्ये वेल फुटली. पानंच पानं! मांडव हिरवागार, पण द्राक्षाचा मणी नाही. कमिटीचा वार्तान म्हणाला, "आंटी, ग्रोसरीतून पेटी आणू. देवाला काय कळतंय?"

"देवाला नाही," बाई म्हणाल्या, "मला कळतंय."

जुलैत बायका बेसमेंटमध्ये जमल्या. वेलीची पानं उकळून त्यांत भात गुंडाळायचा. प्रमोदिनीही आली, मान खाली घालून. तिची गुंडाळी अळूवडीएवढी जाड होत होती. कुणी हसलं, तीही हसली. खाली गार होतं. पानांचा वास, ओल्या भिंतींचा वास... बाईंची मान कलली.

आणि छप्पर खाली आलं. पुन्हा सगळं बेसमेंट झालं, वर काही नाही. चर्चचा पहिलाच ऑगस्ट. द्राक्षं आणायला गेलेला ट्रक वाटेत बंद पडलेला, पाद्री घड्याळ बघताहेत. तेवढ्यात होवसेप जिना उतरतो. हातात आईचा पुलावाचा डबा. झाकण काढतो. आत बेदाणे. "द्राक्षंच आहेत," तो म्हणतो, "जरा म्हातारी झालीत, एवढंच."

बाई जाग्या झाल्या त्या हसतच. "प्रमो, तुझ्या घरी बेदाणे आहेत?"

"आहेत की. चंद्रकांतदादाने पाठवलेत, आमच्याच मळ्यातले. का?"

पाद्री देर हायर तरुण माणूस, पुस्तकं वाचलेला. पहिल्या वर्षी बेदाण्यांनाच आशीर्वाद दिला होता, हे बाईंनी सांगितल्यावर त्याने चर्चची जुनी वही उघडली. पहिल्या वर्षाच्या पानावर पाण्याचा डाग, अक्षरं सगळी पुसलेली. "सिरानुशआंटी, हे खरंच घडलं, की तुम्हाला स्वप्न पडलं?"

"तेव्हा चर्चच जमिनीखाली होतं, देर हायर. जागे होतो की झोपेत, आम्हाला तरी कुठे कळत होतं?"

त्याने डागावरून बोट फिरवलं. मग त्याने वही मिटली.

त्या रविवारी ताटात ग्रोसरीची द्राक्षं होती, आणि मधोमध वेलीची पानं अंथरून त्यांवर पिंपळगावचे बेदाणे. उदबत्तीसारखा धूप वर घुमटाकडे निघाला होता. प्रमोदिनी मागच्या बाकावर, दाराजवळ, लपूनच बसलेली. आशीर्वाद झाला. बाईंनी द्राक्षांना हात लावला नाही. चिमूटभर बेदाणे उचलले, वॉकर टकटकवत थेट मागे गेल्या आणि पहिला बेदाणा प्रमोदिनीच्या तोंडात घातला. मग स्वतः एक. डोळे मिटून चावला. गोड होता, आणि मागून जरासा लोखंडासारखा. की तसं त्यांना वाटलं.

"नोव्हेंबरात झोपवायला येशील ना?"

प्रमोदिनीने डोळे पुसत मान डोलावली. "फावडं माझ्याकडे."

"आणि कात्री?"

"घरी."

"राहू दे तिथेच," बाई म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी टेकल्या.