निळ्या रंगाखालचा तडा

शिरवळला जुन्या हायवेच्या कडेला हंबीररावांचं गॅरेज आहे. माझा टेम्पो पंधरा वर्षं तिथंच दुरुस्त होतो. हंबीरराव बावीस वर्षं फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते, हवालदार म्हणून सुटून गावी आले. इंजिन बांधावं तर त्यांनीच, असं खंडाळ्यापासून लोक म्हणायचे. पण त्यांच्याइतका वेळ लावणाराही दुसरा कुणी नव्हता.

इंजिनाचा जुना ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो ओतीव लोखंडाचा ठोकळा, बांधायला घेण्याआधी ते दोन दिवस तो नुसता तपासत. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून घासायचे, सगळीकडून डिझेल चोळून कोरडा पुसायचे, वर खडूची पूड मारून तासभर थांबायचे. लोखंडाला केसाएवढा तडा असला तरी आत मुरलेलं डिझेल पुडीवर ओली रेघ काढतं. शेवटी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा बंद करून दाबानं पाणी भरून बघायचे. माझा एक ब्लॉक त्यांनी असाच नापास केला होता. मी म्हणालो, "आबा, एवढीशी तर रेघ हाय." ते म्हणाले, "मग दुसरीकडं ने. मी बांधायचो न्हाई."

यशराज त्यांचा एकुलता मुलगा. त्याची पिकअप होती. द्राक्षाच्या हंगामात तो कवठे महांकाळच्या बागांतून पुण्याला माल पोचवायचा आणि परतताना खताची पोती भरून न्यायचा. या येण्याजाण्यातच एका बागायतदाराची मुलगी राजेश्वरी त्याला आवडली. दोन्ही घरांनी फार ओढून धरलं नाही. लग्न झालं, राजनंदिनी झाली.

दोन वर्षांमागं डिसेंबरात पिकअपचं इंजिन बसलं. मूळचा ब्लॉक कामातून गेला होता, म्हणून यशराजनं जुन्या बाजारातून दुसरा आणला. हंगाम तोंडावर होता. बागायतदारांचे फोन चालू होते. तो रोज गॅरेजात येऊन विचारायचा, "आबा, चालंल न्हवं ह्यो?" हंबीररावांनी सिलिंडर तपासले, वरची सपाटी तपासली. बाजूच्या भिंतीवर मात्र खडू मारला नाही आणि पाणीही भरून बघितलं नाही. घासून निळा रंग दिला आणि चार दिवसांत गाडी रस्त्यावर आणली.

फेब्रुवारीत यशराज म्हणाला, "आबा, पानी कमी हुतंय." ते म्हणाले, "रेडिएटरचं टोपण बदल."

एप्रिलमध्ये खंबाटकी घाट चढताना भरलेली पिकअप तापून बंद पडली. सकाळचे अकरा वाजले होते. यशराज खाली उतरून बॉनेट उघडून बघत होता. मागून आलेल्या ट्रकनं पिकअपला धडक दिली. पुढं उभा असलेला यशराज गाडी आणि कठडा यांच्यामध्ये सापडून जागीच गेला.

पोलिसांकडून ताबा मिळाल्यावर पिकअप गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली उभी राहिली. हंबीरराव तिकडं फिरकत नसत. सहा महिन्यांनी राजेश्वरीच त्यांना म्हणाली, "मामा, गाडी चालू करा. मी लायसन काढलंय. मीच चालवीन." मनुबाईंनी, म्हणजे सासूनं, तिला परोपरीनं सांगून बघितलं. ती ऐकेना. "बागावाले समदे वळकीचे हायती. माल देतो म्हनलेत," एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी हंबीररावांनी इंजिन खाली काढलं.

त्या दिवशी मी तिथंच होतो, माझ्या टेम्पोला ग्रीस मारायचं होतं. ब्लॉक उकळून, घासून टेबलावर घेतला होता. बराचसा निळा रंग गेला होता, कडाकोपऱ्यांत राहिला होता. या वेळी त्यांनी सगळ्या ब्लॉकवर पूड मारली. आम्ही बाकावर चहा पीत बसलो. तासाभरानं ते उठले आणि टेबलाजवळ जाऊन उभेच राहिले.

ऑइल फिल्टर बसतो त्याच्या मागं, बाजूच्या भिंतीवर, बोटभर लांब ओली रेघ उमटली होती.

मी म्हणालो, "त्या दिवशी तापून फुटला आसंल, आबा."

बारीक ग्राइंडर घेऊन तड्याची एक कड त्यांनी कापली, भिंग लावून बघितलं, मग भिंग माझ्या हातात दिलं. "बग," म्हणाले.

मी बघितलं. तड्याच्या आत, लोखंडाच्या दोन्ही अंगांना, निळा रंग होता.

"तापून फुटला आसता तर आत नुसतं लोखंड दिसलं आसतं," ते म्हणाले. "रंग मारताना फट हुती, म्हणून आत गेला. रंगानंच दोन म्हैनं पानी धरलं, मग गळाय लागलं."

"रंग कुनी मारलावता?" मी विचारून गेलो.

"मी."

तेवढ्यात राजेश्वरी जेवणाचा डबा घेऊन आली. ब्लॉककडं बघून तिनं विचारलं, "व्हईल का, मामा?"

"न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. कुठं बघितलं नव्हतं, का बघितलं नव्हतं, सगळं. बोलताना ते टेबलाची कड धरून होते.

राजेश्वरीनं ब्लॉकवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पानी कमी हुतंय म्हनाले हुते ते तुमास्नी."

"व्हय. मी टोपण बदलाय सांगितलं."

तिनं डबा टेबलावर ठेवला. "जेवून घ्या," म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि तिला आणि पोरीला कवठे महांकाळला घेऊन गेले. भांडण झालं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. मनुबाईंनी नातीचे कपडे घडी करून पिशवीत भरून दिले. ते गेल्यावर मात्र त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ब्लॉक फुटलाय, एवढंच सांगायचं हुतं. बाकीचं पोटात ठिवता आलं न्हाई तुमाला?" हे हंबीररावांनीच मला नंतर सांगितलं.

ब्लॉक न्यायला भंगारवाला आला, तर त्यांनी दिला नाही. वेल्डिंग करून, रंग मारून पुन्हा कुणाच्या तरी गाडीत जाईल, म्हणाले. घण घेऊन त्यांनी तो स्वतः फोडला. पासष्टीचा माणूस, पण मध्ये कुणाला हात लावू दिला नाही. तुकडे तुकडे झाल्यावरच भंगारात घातला. त्यानंतर त्यांनी इंजिन बांधायला घेतलं नाही. ऑइल बदलतात, ब्रेक बघतात. ब्लॉक घेऊन आलेल्याला साताऱ्याच्या एका मिस्त्रीचा पत्ता देतात.

या फेब्रुवारीत मला कवठे महांकाळहून द्राक्षं आणायची होती. हंबीरराव म्हणाले, "मी येतो." मनुबाईंनी नातीसाठी लाडू दिले होते. राजेश्वरी बागेच्या पॅकिंगच्या शेडमध्ये बायकांवर देखरेख करत होती. तिनं आम्हाला घरी नेलं, वाढलं, मनुबाईंची तब्येत विचारली. राजनंदिनी आजोबांच्या मांडीवर बसून लाडू खात होती. हंबीररावांना सुनेला परत चल म्हणायचं होतं, पण ते नातीचेच लाड करत राहिले. शेवटी राजेश्वरीच म्हणाली.

"मामा, माझा तुमच्यावर राग न्हाई. तुमी खरं सांगितलं. पन त्या घरात तुमी पानी मागितलं तरी मला त्येंचं ते 'पानी कमी हुतंय' आठवंल. मी तितं ऱ्हाऊ शकत न्हाई. पोरगीला सुट्टीत आनून सोडीन."

"बरं," हंबीरराव म्हणाले. मांडीवरच्या पोरीच्या तोंडाला लागलेला लाडू त्यांनी पुसला आणि उठले.

माल भरून आम्ही निघालो. सांगली येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. शहराबाहेर त्यांनी मला टेम्पो थांबवायला सांगितला. खाली उतरले, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि रस्त्याकडं पाठ करून उसाच्या बांधावर बराच वेळ उभे राहिले. परत येऊन बसले तेव्हा शर्ट छातीपर्यंत भिजला होता.

"ती कवा येनार, म्हणून मनू इचारंल," ते म्हणाले. "तिला काय सांगू, गड्या?"

मी टेम्पो चालू केला.