शहाडच्या पुलापलीकडची मतं

मांडव सोडला की सुतळीचे तुकडे उरतात. फेकायला हात होत नाही, कारण उद्या कुठेतरी बांधायला लागतीलच. आमच्या टेम्पोच्या सीटखाली अशा तुकड्यांची एक गोणी भरलेली आहे. आमच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. कोणी मुद्दाम जमवले नाहीत, पण एक ओढला की त्याला अडकून दुसरा बाहेर येतो.

आम्ही शहाडच्या पुलापलीकडच्या मोहने गावचे मांडववाले. माझा मोठा भाऊ संतोष, म्हणजे दादा. टेम्पो चालवणारे बापू, लाइटिंग बघणारा इम्तियाज, बांबूवर माकडासारखा चढणारा पश्या आणि मी. काम नसलं की पाचही जण कल्याणला मॅटिनीला. टेम्पो घेऊनच, बांबूंसकट.

दादा गेल्या पावसाळ्यात काविळीने गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसताना तुम्हाला अवघडायला नको. आम्हीही हसतो. हसताना मध्येच मी उठून बाहेर जातो, तेवढं सोडून द्या.

*

पिक्चर सुटल्यावर शहाडचा पूल ओलांडेपर्यंत कोणी मत द्यायचं नाही, हा दादाचा नियम. तो म्हणायचा, "थेटरच्या दारात माणूस एक तर पागल झालेला असतो, नाहीतर भडकलेला. मत जरा खाली बसू दे."

एकदा पुलाच्या अलीकडे असा जाम लागला की टेम्पो जागचा हलेना. पश्या आत उकळत होता. शेवटी उतरला, गाड्यांमधून वाट काढत पूल चालत पार केला आणि पलीकडून फोन लावला. दादाने स्पीकरवर टाकला.

"पोचलो. पिक्चर एकदम भंगार. आता बोलू ना?"

"तू पलीकडे आहेस, आम्ही अजून अलीकडेच," दादा म्हणाला. "आम्हाला ऐकता येत नाही." आणि फोन कापला.

आम्ही पोचेपर्यंत पश्याने तिथल्या भेळवाल्याला धरलेलं. टेम्पो थांबल्या थांबल्या भेळवाला दादाला म्हणाला, "याला घ्या हो गाडीत. मला सेकंड हाफ नकोय."

*

दुसरा नियम, सगळ्यात लहान आधी बोलणार, मोठा शेवटी. म्हणजे पहिला मी आणि शेवटचा दादा. बापू वयाने मोठे, पण त्यांनी तो मान केव्हाच दादाला देऊन टाकलेला.

हा नियम माझ्यामुळे आला. मी सातवीत शाळा सोडलेली. मत वगैरे मला कोणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून दादा जे बोलेल तेच मी पुढे ओढायचो. दादाच्या ते लक्षात आलं.

"छोट्या, आजपासून तू आधी."

"मस्त होता," मी म्हणालो.

"मांडव बघताना मस्त म्हणून चालतं का? कुठली गाठ सैल आहे ते सांग."

मी खूप विचार केला. मग म्हणालो, "हिरोईनचा बाप पाच मिनिटांत लग्नाला तयार झाला. आपली आत्या पळून लग्न केलेल्या पोरीला अजून दारात उभं करत नाही."

दादाने बापूंना टेम्पो बाजूला घ्यायला लावला. मला मागच्या बांबूंवरून उठवलं आणि स्वतःच्या जागेवर पुढे बसवलं. स्वतः मागे गेला. मोहन्यापर्यंत मी काचेतून एकटाच पुढचा रस्ता बघत होतो. तशी पास झाल्याची भावना मला शाळेने कधी दिली नव्हती.

*

इम्तियाजचं मत नेहमी उजेडावर असतं. एका पिक्चरमध्ये हिरोची आई इतकी गरीब की घरात पीठ नाही. सगळं थेटर रडत होतं. पूल ओलांडल्यावर इम्तियाज म्हणाला, "पीठ नाही ते ठीक आहे. पण त्या खोपटात चार फोकस मारलेत. मीटर कोणाचं?"

*

एकदा पिक्चरमध्ये लग्नाचा मांडव होता. गुंड आले, हिरोने एका खांबाला लाथ घातली आणि अख्खा मांडव गुंडांवर कोसळला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आमची रांग मात्र सुतक पडल्यासारखी. दादा अंधारात उभा राहून ओरडला, "कोणी बांधलाय रे हा?"

त्या दिवशी मतं देण्याची गरजच पडली नाही. फक्त पश्या म्हणाला, "आपला असता तर हिरोचा पाय प्लास्टरमध्ये गेला असता."

पुढच्याच आठवड्यात आंबिवलीला एक गिऱ्हाईक भेटलं. मोबाईलवर त्याच पिक्चरचा फोटो दाखवून म्हणालं, "सेम असाच मांडव पाहिजे."

दादाने शांतपणे विचारलं, "हळदीपर्यंत उभा ठेवायचा का?"

*

बापूंना मत नाही. कुठलाही पिक्चर असो, त्यांचं एकच, "बरा होता." एकदा इंटरव्हलनंतर मशीन बिघडलं आणि थेटरवाल्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. पूल ओलांडल्यावर पश्याने मुद्दाम विचारलं, "काय बापू, आज काय म्हणता?"

बापूंनी गिअर टाकला. "अर्धा बरा होता."

दादाला बापूंनी ह्याच टेम्पोतून हॉस्पिटलात नेलेलं. आधी शहाडला, मग कल्याणला, मग ठाण्याला, प्रत्येकाने पुढे पाठवलं. आई मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. कनातीची कापडं आम्ही खाली अंथरलेली. त्या सगळ्या रस्त्यात बापूंनी खड्डा एकही लागू दिला नाही. आमच्याकडचे रस्ते ज्याला माहीत आहेत त्यालाच कळेल, हे केवढं आहे.

*

आता आईचा किस्सा. आई थेटरात येत नाही, पण दादा घरी आला की ताट वाढता वाढता विचारायची, "कसा होता?" मग दादा जेवता जेवता अख्खा पिक्चर सांगायचा. आईला पिक्चरमध्ये कोणी मेलेलं सहन होत नाही. रात्रभर कुशी बदलत राहते. म्हणून दादा मारायचाच नाही कोणाला. बुडालेला किनाऱ्याला लागायचा, फासावरचा सुटायचा, ट्रकखाली आलेल्याला नुसतं खरचटायचं.

एका पिक्चरमध्ये रिक्षावाला हिरो शेवटी मरतो. दादाने त्याला वाचवला, वर नवीन रिक्षाही घेऊन दिली. काही महिन्यांनी दुपारी तोच पिक्चर टीव्हीवर लागला. शेवट जवळ आला तसे आम्ही दोघं रिमोट शोधायला लागलो. सापडला नाही. आईच्याच मांडीखाली होता.

हिरो मेला. आई टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शेवट कापला रे ह्यांनी. रिक्षा घेतलेली दाखवलीच नाही."

"वेळ कमी असतो त्यांना," दादा म्हणाला.

*

दादा गेल्यावर पिक्चर बंद. मला कोणी नाव काढलेलं चालत नव्हतं. शीळफाट्याच्या एका कामावरून येताना पश्या सहज म्हणाला, "नवीन लागलाय, म्हणतात चांगला आहे." माझं डोकं सटकलं. टेम्पो सिग्नलला थांबला तसा मी उडी मारली आणि भर उन्हात चालायला लागलो. कुठे, मलाच माहीत नव्हतं.

मागे बघितलं तर टेम्पो माझ्या चालीने येत होता. त्याच्या मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न मारतायत, शिव्या देतायत. बापू समोर बघून चालवत होते. इम्तियाज हात बाहेर काढून मागच्यांना सांगत होता, "वरात आहे भाई, वरात." शेवटी पश्याने डोकं बाहेर काढलं.

"पायीच जायचंय तर एक बांबू तरी खांद्यावर घे. तेवढा लोड कमी होईल."

मला हसू आलं आणि मग काय आलं ते सांगत नाही. गाडीत बसलो. एकाने पाण्याची बाटली दिली, दुसऱ्याने तोंड पुसायला झालरीचं कापड. उपदेश कोणीच केला नाही. अशी माणसं दादाने माझ्यासाठी मागे ठेवली, ह्याचे उपकार मी कसे फेडू.

*

गेल्या रविवारी गेलो. मीच म्हणालो, चला.

पिक्चर दोन भावांचा निघाला. आधी कोणाला माहीत नव्हतं. शेवटी मोठ्याच्या छातीत गोळी लागते आणि तो धाकट्याच्या हातात जागच्या जागी जातो. आमच्या रांगेत कोणी हललं नाही. पश्याने माझा हात इतका घट्ट धरलेला की बोटं सुन्न झाली.

पूल ओलांडला. नियमाप्रमाणे आधी मी. "धाकट्याला जास्त बोलायला लावलंय," मी म्हणालो. "तेव्हा बोलता येत नाही." मग पश्या, मग इम्तियाज, मग बापूंचं बरा होता. त्यानंतर दादाचा नंबर. तिथे सगळे गप्प बसले, थेट मोहन्यापर्यंत.

जेवायला सगळे आमच्याकडेच होते. मी हात धुऊन बसलो. आईने ताट पुढे केलं आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच विचारलं, "कसा होता?"

दादासारखं मला येत नाही. माझ्या पोटात असतं तेच ओठावर येतं. तरी सुरू केलं. दोन भाऊ, त्यांची आई, गावातली भांडणं, सगळं सांगितलं. आई भाकरी थापत ऐकत होती. शेवटाशी आलो.

"मग तो गुंड बंदूक काढतो," मी म्हणालो. "आणि मोठ्याला गोळी..."

आईचा हात परातीतच थांबला.

"खांद्याला लागली, वहिनी," दारातून बापू म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी बापूंकडे बघितलं. ते चपला काढत होते.

आईने विचारलं, "हॉस्पिटल लांब होतं का, भावजी?"

"छे. समोरच. रस्ता ओलांडला की."

आईने भाकरी तव्यावर टाकली. "आणि पुढे?"

"पुढे दोघं भाऊ मिळून टेम्पो घेतात," पश्या म्हणाला.

"लाइटिंगसकट," इम्तियाज म्हणाला.

आईने माझ्याकडे बघितलं. "हो का रे?"

"हो," मी म्हणालो. "सेकंडहँड आहे. पण चालू आहे."