खालच्या थराचा नियम
आमच्या गोविंदा पथकात खालच्या थरातल्या माणसानं तोंडातून आवाज काढायचा नाही, हा नियम माझाच. लालबागच्या आमच्या चाळीत आजही सरावानंतर कुणी दुखऱ्या अंगाला बाम चोळला की मला सरावाची ती संध्याकाळ आठवते. थर उतरले आणि माझा धाकटा भाऊ छातीवर हात दाबून खाली बसला. "मघापासून दुखतंय दादा, पण तूच म्हणतोस ना, बोलायचं नाही." मी म्हणालो, "पित्त असेल, सोडा पी." पण श्वास घेताना तो कळवळला, तेव्हा मी त्याला लगेच टॅक्सीत घातलं; आमचे वडील हृदयविकारानंच गेले होते. हॉस्पिटलात कार्डिओग्राम आणि रक्ताचा रिपोर्ट, दोन्ही चांगले निघाले. डॉक्टरबाईंनी बरगड्यांमध्ये बोट दाबलं, तसा तो ओरडला. "स्नायू ताणलाय," त्या म्हणाल्या, आणि मी पित्त म्हणालो होतो हे भावाकडून कळल्यावर माझ्याकडे वळल्या, "पण मेहनत करताना छाती दुखली तर ते हृदयाचंही असू शकतं. पित्त आहे हे तुम्ही ठरवायचं नाही." बाहेर पायरीवर बसून मी रडलो. भाऊ म्हणाला, "दुखतंय मला आणि रडतोस तू!" पुढच्या सरावाला सगळ्या पथकासमोर मी त्याला म्हणालो, "माफ कर रे, माझं चुकलं. यापुढे दुखलं की लगेच बोलायचं, आपण थर उतरवू."